२५६ जीबी रॅम बसवली, सर्व्हर दाखवतो २२४. बी३ आणि बी७ हे दोनच स्लॉट का रुसलेत?

स्टोअरवाला_अंबड

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका सीएनसी टर्निंगच्या कारखान्यात आहे. माझं मूळ खातं स्टोअर. चौदा वर्षांपूर्वी मालकांनी विचारलं, "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?" मी म्हणालो, "थोडंफार." तेव्हापासून चलनाच्या प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत जे काही प्लगला लागतं ते माझ्या अंगावर. म्हणून लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मशीन असं: दोन सॉकेटचा (म्हणजे दोन प्रोसेसर बसतील असा) रॅक सर्व्हर, सेकंडहँड, चार वर्षांपूर्वी घेतलेला. प्रोसेसर झिऑन ई५-२६४० व्ही४. घेतला तेव्हा एकच प्रोसेसर होता आणि १६ जीबीच्या आठ स्टिक (रॅमच्या पट्ट्या), म्हणजे १२८ जीबी. त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्सवरची प्रणाली) आणि आत पाच व्हर्च्युअल मशीन: ईआरपी, टॅली, हजेरी, ड्रॉइंगच्या फायली, आणि एक जुनं विंडोज, ज्याला कुणी हात लावत नाही कारण त्याच्यावर कशाचं तरी लायसन्स आहे.

दिवाळीच्या सुट्टीत त्यात दुसरा प्रोसेसर आणि त्याच मॉडेलच्या आणखी आठ स्टिक टाकून घेतल्या. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनीच मुलगा पाठवला होता. धनत्रयोदशीची संध्याकाळ, त्याला गावी जायची गाडी पकडायची होती. पाऊण तासात उरकून गेला. सर्व्हर चालू झाला, सगळी मशीन उठली, मीही कुलूप लावून घरी गेलो.

सुट्टीनंतर पाहतो तर एकूण मेमरी २२४ जीबी. आमचे मालक इन्सर्टचा डबा उघडून एकेक नग मोजणारे. १२८ आणि १२८ किती होतात हे त्यांना माझ्याआधी कळलं. "बत्तीस जीबी कुठंय? सोळा पट्ट्यांचे पैसे दिलेत ना आपण?" हे मी गेले नऊ दिवस ऐकतोय.

काय काय करून पाहिलं ते सांगतो. बायोसमध्ये (सर्व्हर चालू होताना उघडता येणारी सेटिंगची स्क्रीन) गेलो, तिथेही २२४च. स्टिकची यादी उघडली (पहिल्या प्रोसेसरचे स्लॉट ए, दुसऱ्याचे बी) तर ए१ ते ए८ सगळ्या दिसतात. बी मध्ये सहा दिसतात, बी३ आणि बी७ रिकामे म्हणतो. झाकण काढून पाहिलं तर दोन्हीत स्टिक आहेत, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या पक्क्या लागलेल्या. मग बी३ ची स्टिक ए३ मध्ये आणि ए३ ची बी३ मध्ये टाकली. ए३ मजेत, बी३ परत रिकामा. तसंच बी७ बाबतीत. म्हणजे स्टिक ठणठणीत आहेत, एवढं मला कळलं. खोडरबरने स्टिकची सोनेरी बाजू घासूनही झाली. बायोस डीफॉल्टला नेला. काही फरक नाही.

विकणाऱ्यांना फोन केला. आधी म्हणाले, "सिस्टिम थोडी खातेच." बत्तीस जीबी थोडी? मग म्हणाले, दोन स्लॉट गेले म्हणजे मदरबोर्ड गेला, आणि संध्याकाळी बोर्डाचं कोटेशन मेलवर हजर. ते कोटेशन मालकांनी अजून पाहिलेलं नाही. मी दाबून ठेवलंय.

आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. त्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मशीन बंद ठेवता येईल. तोपर्यंत कुणी सांगेल का, खरंच बोर्ड गेलाय की आणखी काही बघण्यासारखं आहे?

बिट_बाय_बिट

दादा, प्रॉक्समॉक्सच्या टर्मिनलमध्ये फ्री कमांड दिली तर किती येतं? २२४ च्याही खाली दिसेल.

स्टोअरवाला_अंबड

हो, २२० येतं. मालकांना तो आकडा दाखवलेला नाही.

बिट_बाय_बिट

तो दाखवूच नका, पण तो चोरीतला नाही. लिनक्स मेमरीचे चार-चार किलोबाइटचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेब ठेवायला ६४ बाइट लागतात. म्हणजे चौसष्टावा भाग नुसत्या वहीखात्यात जातो. २२४ चे साडेतीन जीबी इथेच गेले. उरलेलं थोडं फर्मवेअर आणि कर्नल स्वतःसाठी अडवून ठेवतात. १२८ होते तेव्हाही तुम्हाला १२५ च दिसत असणार, फक्त तेव्हा कुणी मोजलं नसेल.

ही गळती कायमची आणि सगळीकडे. तुमचे ३२ मात्र यात बसत नाहीत, कारण ते लिनक्स उठायच्या आधीच, बायोसमध्येच गायब आहेत. लिनक्सला दोष देऊन उपयोग नाही.

पतसंस्था_ताई

माझा अनुभव सांगते, कदाचित उपयोगी पडेल. मी सिन्नरला एका पतसंस्थेचं सगळं बघायचे. ६४ जीबी टाकली आणि विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये "६४ जीबी, पैकी ३२ वापरण्याजोगी" असं यायचं. आम्ही आठवडाभर स्टिक काढत-घालत बसलो. शेवटी कळलं की विंडोज सर्व्हर २००८ आर२ स्टँडर्ड आहे आणि त्याची मर्यादाच ३२ जीबी. हार्डवेअर बिचारं निर्दोष होतं. एंटरप्राइज आवृत्तीला तेच मशीन २ टीबीपर्यंत चाललं असतं! आता ती विंडोज जाऊन बरीच वर्षं झाली, जानेवारी २०२० मध्ये तिचा सपोर्टच संपला, पण तुमच्या त्या "हात न लावायच्या" मशीनमध्ये तीच असेल तर एकदा बघून ठेवा.

आणि ईआरपीच्या मागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती) असेल तर व्हर्च्युअल मशीनला रॅम ओतून काही होणार नाही. २०१९ ची एक्सप्रेस डेटा हाताशी ठेवायला १,४१० एमबीच वापरते, स्टँडर्ड १२८ जीबी. रॅम वाढवली तरी ईआरपी ढिम्म हलत नाही, त्यातल्या निम्म्या तक्रारी इथल्या असतात.

स्टोअरवाला_अंबड

ताई, एक्सप्रेसच आहे. हे मला दिवाळीआधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पण आता रॅम आलीये ती दिसायला तरी हवी.

कसारा_घाट

मेमरी मिररिंग चालू आहे का बघा. आमच्याकडे सातपूरला एकाने बायोसमध्ये "जास्त सुरक्षित" वाटलं म्हणून ते चालू केलं होतं. प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते, त्यामुळे बसवलेल्या रॅमची निम्मीच हाती लागते. स्पेअरिंग असेल तर निम्मी नाही, पण काही भाग राखीव जातो.

स्टोअरवाला_अंबड

डीफॉल्ट केल्यावर ऑप्टिमायझर मोड दिसतोय. मिररिंग नाही.

जुना_फील्ड_इंजिनीअर

मिररिंग असतं तर २२४ कशाला आले असते, सरळ १२८ आले असते. आकडा वाचायला शिका रे. आकडाच अर्धं सांगतो.

स्टोअरवाले, तुम्ही स्टिक बदलून पाहिल्या ते उत्तम केलंत. बहुतेक लोक ते न करता स्टिक परत पाठवतात. खोडरबरचं मात्र सोडून द्या. आम्हीही आयुष्यभर तेच केलं, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा खरवडतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो, मग तिसराच घोळ. एमजी रोडवर मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते आणा. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि काय काय असतं.

आता बी३ आणि बी७. सातातून तीन वजा करा. चार. तुमच्या प्रोसेसरला मेमरीच्या वाटा किती? चारच. तिला चॅनल म्हणतात. अशा बोर्डावर प्रत्येक प्रोसेसरला बारा स्लॉट असतात, चार चॅनल गुणिले तीन. क्रमांक कसे दिलेत बघा: पहिल्या चॅनलवर १, ५, ९. दुसऱ्यावर २, ६, १०. तिसऱ्यावर ३, ७, ११. चौथ्यावर ४, ८, १२. आकडे लांबलांबचे वाटतात, पण बोर्डावर बी३, बी७ आणि बी११ एकमेकांना खेटून आहेत की नाही बघा. पांढरी खिट्टी, काळी खिट्टी, असं काहीतरी असेल. म्हणजे तुमचे दोन स्लॉट गेलेले नाहीत. गेलाय तो एक चॅनल. दोन सुटे स्लॉट एकाच वेळी, तेही बरोबर एकाच चॅनलवरचे, स्वतःहून मरतील असं मी तरी पाहिलेलं नाही.

मग चॅनल कुठे सुरू होतो? पूर्वी बोर्डावर मेमरीचा वेगळा कंट्रोलर असायचा. एएमडीने २००३ ला ऑप्टेरॉनमध्ये तो प्रोसेसरच्या पोटात नेला, इंटेलने झिऑनला तेच २००९ मध्ये, ५५०० सिरीजला केलं. तेव्हापासून रॅमची तार थेट प्रोसेसरच्या बुडातून निघते. तुमच्या प्रोसेसरखाली २०११ पिना आहेत आणि त्यातल्या शेकडो फक्त मेमरीच्या. त्यातली एक मोक्याची पिन वाकडी असेल, किंवा मध्ये कचरा असेल, तर सर्व्हर सुरू होताना कंट्रोलर त्या वाटेवर हाक मारतो, उत्तर धड येत नाही, आणि तो ती वाट बंद करून पुढे जातो. बाकी सगळं छान चालतं. म्हणूनच हा रोग फसवा. मशीन बंद पडलं असतं तर लगेच सापडलं असतं.

आणि फटका नुसता ३२ जीबीचा नाही. दुसरा प्रोसेसर चारऐवजी तीन वाटांनी रॅम ओढतोय, म्हणजे त्याच्या बाजूचा वेगही पाव भागाने खाली.

माझा संशय त्या धनत्रयोदशीच्या पाऊण तासावर. बोर्ड चार वर्षं चालला, नवीन काय झालं? दुसरा प्रोसेसर बसला. चोर बहुतेक नवीन पाहुण्यातच असतो.

शनिवारी असं करा. आधी ए मधला आणि बी मधला प्रोसेसर आपसात बदला. स्टिकना हात लावू नका, त्या जिथल्या तिथे. पुसापुशी नको. एका फेरीत एकच गोष्ट, नाहीतर बरं कशाने झालं ते कळत नाही. आता जर ए३-ए७ गायब झाले तर दोष प्रोसेसरबरोबर चालत गेला, म्हणजे प्रोसेसर किंवा त्याच्या बुडाचे ठिपके. बी३-बी७ च गायब राहिले तर दोष सॉकेटात किंवा बोर्डात. तेवढ्यावर ते कोटेशन ठेवायचं की फाडायचं ते ठरेल.

सॉकेट उघडं पडल्यावर त्याच्यावर काही पडू देऊ नका, फडकंही नाही. टॉर्च आडवी धरा. पिनांच्या रांगांवर प्रकाश एकसारखा झिलमिलतो, भाताच्या रोपांवर वारा गेल्यासारखा. जिथे एखादी पिन वाकडी असते तिथे ती झिलई तुटते. फोटो काढून ठेवा, आधीचा आणि नंतरचा.

कसारा_घाट

काका, एकच प्रोसेसर असताना सगळ्या स्लॉटमध्ये रॅम भरलेला सर्व्हर मी पाहिलाय. कॉलेजचा होता. २४ च्या २४ भरलेले, दिसते निम्मी. दुसरा सॉकेट रिकामा, वर प्लॅस्टिकचं टोपण. त्या बारा स्लॉटची तार जिथून निघायला हवी तिथे कुणी नाहीच.

जुना_फील्ड_इंजिनीअर

हे दर वर्षी एक तरी सापडतं. त्या कॉलेजने पैसे कशाचे भरले ते विचारू नका.

आणखी एक. नवीन मशीनवाल्यांनी माझं चाराचं गणित जसंच्या तसं लावू नका. २०१७ नंतरच्या झिऑन स्केलेबलला सहा चॅनल झाले, २०२१ च्या पिढीला आठ. तिथे जोडी वेगळी पडते. झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतं, तोच वाचा. शिवाय ३६४७ पिनांच्या सॉकेटमध्ये प्रोसेसरला दाबून धरणारी वेगळी चौकट नसते, वरचा हीट सिंकच (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) त्याला दाबतो. स्क्रू कमीजास्त आवळले तर तेवढ्यानेही चॅनल जातो.

स्टोअरवाला_अंबड

काका, सातातून तीन वजा केल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. जाऊन बघितलं, बी३, बी७, बी११ खरंच खेटून आहेत. शनिवारी करतो आणि कळवतो.

स्टोअरवाला_अंबड

शनिवारचा वृत्तांत. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सकाळी साडेसातला पोचलो. अंबडला सुट्टीच्या दिवशी इतकी शांतता असते की लांबच्या कुठल्यातरी कॉम्प्रेसरचा एकच सूर ऐकू येतो. एकट्याने करायची हिंमत नव्हती म्हणून आमच्या क्वालिटीच्या काकांना पाथर्डी फाट्यावरून उचलून आणलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण मायक्रोमीटर धरून पस्तीस वर्षं गेलीत, हात थरथरत नाही, आणि त्यांच्याकडे दहापट दाखवणारी आयग्लास आहे. माझं काम फक्त सांगायचं, हात त्यांचे.

बॅकअप शुक्रवारी रात्रीच घेतला होता. मशीन बंद केलं, दोन्ही वायरी काढल्या, रॅकमधून ओढून पॅकिंगच्या टेबलावर आणलं. टेबल आधी पुसून घेतलं, कारण आमच्याकडे कूलंटचा तेलकट थर सगळीकडे बसतो, ऑफिसच्या टेबलावरसुद्धा.

झाकण उघडलं, हीट सिंकचे चार स्क्रू. क्वालिटीचे काका आपणहून कोपऱ्याला कोपरा, थोडा थोडा सैल करत गेले. मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाले, "स्कूटरचं हेड असंच उघडतात." ए बाजूचा हीट सिंक सहज निघाला, मधली पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीट सिंककडे नेणारी) कागदासारखी पातळ. बी बाजूचा निघेचना. हळूहळू पिळत सोडवला तर खाली काय? चक्का! त्या मुलाने पेस्ट अशी थापली होती की प्रोसेसरच्या चारही कडांवरून ओघळून बाहेर आली होती, आणि एका कोपऱ्यात चौकटीच्या पट्टीखाली शिरली होती. क्वालिटीच्या काकांच्या तोंडून जो शब्द गेला तो इथे लिहिता येत नाही.

तिथेच पुसायचा मोह झाला. पण जुन्या काकांचं वाक्य आठवलं, एका फेरीत एकच गोष्ट. वरची पेस्ट पुसली (ती पुसावीच लागते), बुडाला हात लावला नाही. दोन्ही सॉकेट टॉर्च आडवी धरून पाहिले. झिलई दोन्हीकडे अखंड, कुठे तुटलेली नाही. दोन्हींचे फोटो काढले. प्रोसेसर अदलाबदल केले, ताजी पेस्ट वाटाण्याएवढी लावली, बंद केलं, वायरी लावल्या.

आता या मशीनचं उठणं म्हणजे एक प्रकरण आहे. आधी पंखे विमान सुटल्यासारखे ओरडतात, मग स्क्रीन काळी, आणि रॅम तपासतोय म्हणत बराच वेळ काही हालचाल नाही. एवढ्या वेळात आमचे दोन चहा झाले. शेवटी बायोस आला. एकूण मेमरी २२४.

माझा चेहरा पडला. क्वालिटीचे काका म्हणाले, "अरे तोच आकडा येणार की. कुठला नाही ते बघ ना." यादी उघडली. बी१ ते बी८ सगळे हजर. ए३ रिकामा. ए७ रिकामा.

मी टेबलावर हात आपटला. दोष चालत गेला होता! बोर्ड निर्दोष. नऊ दिवस मी त्या बोर्डाच्या नावाने खडे फोडत होतो.

परत सगळं उघडलं. तो प्रोसेसर कडेला धरून उलटा केला आणि क्वालिटीच्या काकांनी आयग्लास डोळ्याला लावली. खालचे सोनेरी ठिपके मला नुसत्या डोळ्यांनी सगळे सारखेच दिसत होते. ते मात्र एका जागी थांबले. "हे बघ, इथं मळ आहे." जेमतेम मोहरीएवढा राखाडी डाग, कोपऱ्यापासून थोडा आत, तीन-चार ठिपक्यांवर पसरलेला. सावली वाटावी असा. पेस्टच. बोटाला लागली असणार आणि तेच बोट खालून लागलं असणार. वाळून कडक झाली होती.

एमजी रोडवरून आणलेलं अल्कोहोल, चष्मा पुसायचं बिनधाग्याचं कापड. क्वालिटीच्या काकांनी तीन वेळा पुसलं, दर वेळी कापडाचा नवा कोपरा घेऊन. घासलं नाही, टिपलं. वाळू दिलं. दोन्ही प्रोसेसर परत आपापल्या मूळ जागी.

परत विमान, परत काळी स्क्रीन, तिसरा चहा. २५६.

दुपारी अडीचला सगळी मशीन चालू होती. मालकांना फोन केला. त्यांनी विचारलं, "किती खर्च आला?" म्हटलं, अल्कोहोलची बाटली आणि पेस्टची एक ट्यूब. मग त्यांना स्क्रीनचा फोटो पाठवला आणि तिथे चूक झाली, कारण फोटोत फ्री कमांडचा आकडाही आला होता. दोन मिनिटांत फोन: "२५१ च दिसतायत. वरचे पाच कुठंयत?"

बिट_बाय_बिट, तुमचं वहीखातं मी त्यांना शब्दशः वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे हिशेब ठेवायला पण जागा लागते. हे पटलं."

पतसंस्था_ताई

मोहरीएवढा डाग आणि तिकडे पूर्ण बोर्डाचं कोटेशन! ते कोटेशन आता मालकांना दाखवा, दाबून ठेवू नका.

स्टोअरवाला_अंबड

दाखवलं ताई. त्यांनी फाइलला लावून ठेवायला सांगितलंय, पुढच्या खरेदीच्या वेळी काढणार म्हणे. त्या मुलावर मात्र मी राग धरला नाही. धनत्रयोदशीला संध्याकाळी सातला मी तरी काय केलं असतं. दुसऱ्या दिवशी बोलवायला हवं होतं, ती चूक माझी.

जुना_फील्ड_इंजिनीअर

शाब्बास. क्वालिटीच्या काकांना माझा नमस्कार सांगा, असा हात मला नोकरीत असताना मिळाला असता तर बरं झालं असतं.

आता माझीच एक चूक कबूल करतो. मी पुसू नका म्हणालो ते पेस्ट बाहेर ओघळली असेल हे गृहीत न धरता. असा ओघळ दिसला तर तो प्रोसेसर चांगल्या सॉकेटात नेण्याआधी बूड भिंगाखाली बघायला हवं होतं. तो डाग ए च्या पिनांनाही लागू शकला असता आणि मग दोन चॅनल शोधत बसलो असतो. तुमचं नशीब की तो वाळलेला होता. ए सॉकेटचा नंतरचा फोटो आहे का?

दुसरं, सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवर जो इव्हेंट लॉग असतो तो साफ करून आजची तारीख लिहून ठेवा. आता ए३, ए७, बी३, बी७ यांच्या नावाने "दुरुस्त झालेली चूक" अशा नोंदी यायला लागल्या तर समजा, अजून कुठेतरी पापुद्रा उरलाय. इसीसी रॅम एका बिटाची चूक स्वतः सुधारते आणि गप्प बसते. ती गप्प बसते म्हणून आपण बसायचं नाही.

स्टोअरवाला_अंबड

काका, ए चा फोटो जोडलाय. क्वालिटीच्या काकांनी आयग्लासमधून मोबाइल धरून काढलाय, म्हणून कडा गोल आहेत. आम्हाला तरी स्वच्छ वाटतोय. लॉग साफ केला.

जुना_फील्ड_इंजिनीअर

स्वच्छ आहे. झाकण लावा.

स्टोअरवाला_अंबड

आठ दिवस झाले. लॉगमध्ये एकच नोंद: मंगळवारी वीज गेली, एका पॉवर सप्लायचा पुरवठा तुटला. आमच्या भागात ती नोंद दर आठवड्याला असते. रॅमच्या नावाने काही नाही. ईआरपी अजून तशीच हळू आहे, त्याचा वेगळा प्रश्न टाकतो.